ऐकल्यापासून तीन दिवस

स्वप्नीलनं लोधिवलीला गाडी थांबवली तेव्हाच मला कळायला हवं होतं. विमानतळावरून निघाल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता, आणि माझा भाऊ गप्प बसणाऱ्यांतला नाही. आठ आठवड्यांपूर्वी मला सोडायला आला तेव्हा त्याच्या कपाळावर झुलपं होती. आता डोक्यावर नखभर केस होते. मी केसांकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहत राहिले.

टपरीवर त्यानं दोन चहा सांगितले. एक घोट घेतला आणि ग्लासात बघत म्हणाला, "ताई, नाना गेला गं."

"कधी?"

"चाळीस दिस झाले. लावणी चालू हुती. बांधावर टेकला तो उठलाच नाय."

नाना म्हणजे आमचे वडील. मी चहा संपवला. बिस्किटासकट संपवला. नंतर मला स्वतःची लाज वाटली, पण त्या वेळी पोटात भूक होती आणि बिस्किट समोर होतं, एवढंच खरं.

"घरी सांगितलं असतंस की," मी म्हणाले.

"घरात पाय टाकायच्या आधी सांगाया पायजे हुतं. सोनुकाकीनं भटजीला इचारलं. दहा दिसांनंतर ऐकलं तर तीन दिस सुतक. ऐकल्यापासनं धरायचं. आमचं फिटलं, तुझं आता लागलं." त्यानं ग्लास खाली ठेवला. "अंगोळ करून आत यायचं. आईनं पाणी तापवून ठेवलंय."

म्हणजे सगळ्या घराचं दुःख उरकलं होतं आणि माझं सकाळी सव्वाअकराला, चहाच्या टपरीवर सुरू झालं होतं. खरं सांगायचं तर तेही सुरू झालं नव्हतं. फक्त सुतक सुरू झालं होतं.

मी नेरळच्या एका शाळेत पोरींना खेळ शिकवते. शनिवारी आमच्या गावच्या, पोशीरच्या मैदानावर त्यांची कबड्डीही घेते. त्या कबड्डीमुळे एका संस्थेनं मला अमेरिकेत पाठवलं होतं. डोंगरात, तळ्याकाठी, अकरा ते तेरा वर्षांच्या मुलींची उन्हाळी शिबिरं असतात. मुलींनी धीट व्हावं, मनातलं बोलावं, नको ते नको म्हणावं, हे सगळं तिथं शिकवतात. मी तिथली समुपदेशक. पगार नाही, जेवण आणि खाट. बारा मुली माझ्या खोलीत. नानांनी ही बातमी पोशीरपासून नेरळच्या बाजारापर्यंत सांगितली, आणि भाजीवाल्यांनाही समुपदेशक म्हणजे काय ते समजावलं. "आमची सुरभी गोऱ्यांच्या पोरींना बोलाया शिकवाया चाललीय," असं म्हणायचे. मग हसायचे, कारण लहानपणी मीच घुमी होते.

तिथं दर गुरुवारी माझा एक तास असे. प्रत्येक मुलीनं स्वतःला विचारायचं, कुठला प्रश्न विचारायची मला भीती वाटते? आणि तो ज्याला विचारायचा त्याला आठवड्याच्या आत विचारायचा. हा खेळ मला फार चांगला जमला. ओडेसा नावाच्या एका मुलीनं घरी फोन करून आईला विचारलं, तू आणि डॅडी वेगळे होणार का? आई हो म्हणाली. ओडेसा परत आली, माझ्या शेजारी बसून दोन कणसं खाल्ली आणि म्हणाली, "विचारलं ते बरं झालं. आता निदान रोज रोज वाट बघायला नको." मी तिच्यासाठी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. आमच्याकडे म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

फोन आम्हा समुपदेशकांनाही रविवारी एक तासच मिळायचा. तिथली सकाळ, इथली संध्याकाळ. मी नानांच्या फोनवर लावायचे आणि नाना पहिली घंटी पुरी व्हायच्या आत उचलायचे. "जेवलीस का? काय दिलं आज?" मी बटाटे म्हणायचे. दर वेळी बटाटेच असायचे आणि दर वेळी ते तितकेच हळहळायचे.

तिसऱ्या रविवारी फोन आईनं उचलला. "नाना कुठायत?" मी विचारलं. "पनवेलला गेलाय, भिवाजीचा पाय दाखवाया." भिवाजी आमचा शेजारी, त्याचा पाय खरंच दुखतो. त्यानंतरच्या रविवारीही आईनंच उचलला. मग पुढच्याही.

घरी पोचले तर आई अंगणात बादलीपाशी उभी होती. कपाळ मोकळं. मी तिच्याकडे गेले तशी ती दोन पावलं मागं सरली. "आधी न्हा," म्हणाली. अंगावरच्या कपड्यांनिशी मी डोक्यावरून पाणी घेतलं. पाणी छान तापलं होतं. अठरा तासांच्या प्रवासानंतर बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

मला ओटीवरच्या कोपऱ्यात घोंगडी दिली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. आत टीव्ही चालू होता. स्वप्नील दुसऱ्या दिवशी खालापूरच्या कंपनीत पाळीवर गेला. मिक्सर फिरला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. कुणाचं काही चुकत नव्हतं, चाळीस दिवस कोण बसून राहील? फक्त नाना माझ्यापुरते काल गेले होते आणि बाकीच्यांसाठी गेल्या महिन्यात.

दुपारी सोनुकाकी चार बायका घेऊन आली. उंबऱ्यापाशी बसून त्यांनी मला बघून नव्यानं गळा काढला. रीतच आहे, लांबची लेक आली की पुन्हा रडायचं, तिला एकटीला रडायला लावायचं नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं. त्या खरंच रडत होत्या, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर भाताच्या बियाण्याची जाहिरात वाचत होते. थोड्या वेळानं त्यांचं रडं ओसरलं. "धक्का बसलाय पोरीला," सोनुकाकी म्हणाली. जाताना एकजण अंगणात हळूच बोलली, पण मला ऐकू आलं. "तिकडं जाऊन दगड झाली."

मला त्याचाही राग आला नाही. राग आला तो त्या संध्याकाळी, आणि त्यासाठी पाळीवरून आलेल्या स्वप्नीलला कावळ्याची गोष्ट सांगावी लागली.

दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. उल्हास नदीच्या काठी सगळे दीड तास पावसात उभे. मृताची इच्छा अडली की कावळा शिवत नाही, म्हणून स्वप्नील एकेक वचन देत गेला. शेत विकणार नाय. आईला सांभाळीन. तंबाखू सोडीन. कावळे समोरच्या आंब्यावर बसून बघत होते. शेवटी तो म्हणाला, "नाना, ताईला अर्ध्यातनं बोलावणार नाय. तिचं काम पुरं हु दे, मगच सांगू." आणि कावळा आला.

"मग काय करनार?" स्वप्नील म्हणाला. "शब्द दिलेला. सगळ्या गावाला सांगून ठेवलं, कुनी कळवू नका. समीक्षालाबी."

समीक्षा माझी मैत्रीण. माझ्या मागं कबड्डी तीच घेत होती. महिनाभर तिनं मला पोरींचे हसरे फोटो पाठवले होते. म्हणजे अख्ख्या पोशीरनं झाकली मूठ सव्वा लाखाची केली होती, आणि ती मूठ माझ्यापासून झाकली होती. एका पक्ष्याच्या सांगण्यावरून. रात्रभर मी मनात भांडण जुळवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. आई उंबऱ्याच्या आत सुपात तांदूळ घेऊन बसली होती, मी बाहेर घोंगडीवर.

"तुम्ही मला फसवलंत," मी म्हणाले.

तिनं सूप खाली ठेवलं. "कुनी?"

"तुम्ही सगळ्यांनी. तूसुद्धा. माझे वडील गेले आणि मी तिथं गोल करून गाणी म्हणत होते."

"कावळ्याला शब्द सोप्नीलनं दिला," आई म्हणाली. "मी नाय दिला."

"म्हणजे?"

"म्हंजे तू इचारतीस तर मी सांगनार हुते. दर आयतवारी मी नानाचा फोन घिऊन या हितं बसायचे. सोप्नीलला भायेर धाडायचे. म्हनायचे, आज इचारल. पहिल्या खेपेला इचारलंस, तवा माझं तोंडच उघडलं नाय, चार दिस झालेले. खोटं बोलले. मग पाच आयतवार वाट बघितली." ती माझ्याकडे बघत नव्हती. "पाऊस किती झाला इचारलंस. म्हशीचं इचारलंस. भिवाजीच्या पायाचंबी इचारलंस. नाना कुठाय, ते येकदाबी नाय."

मला वाटलं, आता काहीतरी म्हणावं. नेटवर्क खराब असायचं. तासच मिळायचा. मुली दारात उभ्या असायच्या. सगळं खरं होतं.

"पयली घंटी वाजायच्या आत फोन उचलनारा मानूस," आई म्हणाली. "सहा आयतवार नाय उचलला. तुला ठाव हुतं का गं?"

"हो," मी म्हणाले.

मला माहीत होतं. चौथ्या रविवारी आईचा 'हॅलो' ऐकला तेव्हाच कळलं होतं. शब्दांत नाही, पण मी भराभर पावसाचं विचारायला लागले होते. फोन ठेवल्यावर मी तळ्यावर जाऊन बारा मुलींना पोहताना मोजलं. एक, दोन, तीन, असं बारापर्यंत. बाराच्या बारा पाण्यावर होत्या. पुढचे चार आठवडे मी अशीच मोजत काढले.

आईनं डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. "मंग मला येकटीला कशाला ठेवलंस गं त्यात?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

"कारण मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

आईनं सूप मांडीवर घेतलं आणि तांदूळ पुन्हा निवडायला लागली. तिची बोटं सारखी एकाच जागी फिरत होती, खडा सापडत नव्हता. ते बघताना मला रडू आलं. नानांसाठी नाही, ते अजून आलेलं नाही. दर रविवारी माझ्या एका प्रश्नाची वाट बघत उंबऱ्यात बसलेल्या बाईसाठी आलं.