जर्सीवरची टिटवी

चिमणाबाईंनी पिशवीतून लांबट लखोटा काढून जिमखान्यातल्या टेबलावर ठेवला आणि तळहाताने त्याच्या सुरकुत्या सरळ केल्या.

“इंग्लिशमधी आहे, सर. काय म्हणतात तेवढं सांगा.”

खंडेराव बोरस्ते हजेरीपट तपासत होते. तो बाजूला सारून त्यांनी चष्मा चढवला. नाशिकच्या या कॉलेजात ते सोळा वर्षं क्रीडाशिक्षक होते आणि त्यांतली आठ वर्षं मुलींच्या खो-खो संघाच्या जर्सी चिमणाबाई पगारेंनीच शिवल्या होत्या. गेल्या वर्षापासून ते काम त्यांच्याकडे राहिलं नव्हतं.

पत्र वकिलाचं होतं. कॉलेजचं बोधचिन्ह असलेली टिटवी वापरायचा हक्क सातपूरच्या दरेकर होजिअरीला दिलेला आहे, असं त्यात म्हटलं होतं. चिमणाबाईंनी आपल्या वस्तीतल्या मुलींच्या क्लबाच्या जर्सींवर तीच टिटवी शिवली होती. ती पंधरा दिवसांत काढून टाकावी आणि पुन्हा कुठेही शिवू नये, नाहीतर कोर्टात जावं लागेल. दुसऱ्या परिच्छेदात आणखी एक वाक्य होतं. हे चित्र मूळ कॉलेजचे कर्मचारी श्री. खंडेराव बोरस्ते यांनी सन १९७६ मध्ये काढले असून तसे त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.

ते वाक्य खंडेरावांनी दोनदा वाचलं. बाहेर मुलींचा सराव चालला होता. चिमणाबाई खुर्चीच्या काठावर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

खंडेरावांनी पहिला परिच्छेद सांगितला, तिसरा सांगितला. पंधरा दिवसांचं सांगितलं. मधलं सोडलं.

“एवढंच?” चिमणाबाईंनी विचारलं.

“एवढंच.”

त्यांनी लखोटा उचलला, घडीवर घडी घालून पिशवीत ठेवला. पोरींच्या जर्शी उसवाव्या लागतील म्हणजे, असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. दाराशी जाऊन थोडा वेळ थांबल्या, पदर सारखा केला. मग “बरं, येते,” म्हणून निघून गेल्या.

त्या गेल्यावर खंडेराव बराच वेळ हजेरीपट समोर धरून बसले. एकही नाव त्यांनी वाचलं नाही.

शहात्तर साली मुलींचा संघ पहिल्यांदाच विद्यापीठाच्या अंतिम फेरीसाठी पुण्याला जाणार होता. मापं घ्यायला चिमणाबाई मैदानावर आल्या होत्या. त्यांचा नवरा नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला होता आणि मुलगी मैना संघात होती. मैदानाच्या कुंपणाकडच्या कोपऱ्यात, खड्यांमध्ये टिटवीने अंडी घातली होती. सराव चालू असताना तिकडून एक कुत्रं आलं. टिटवी उठली, पंख मोडल्यासारखा लोंबत ठेवून पळायला लागली. कुत्रं जवळ आलं की ती वळायची, पुन्हा पळायची. असं करत तिने त्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि मग सरळ उडून गेली. मुली खेळ थांबवून बघत राहिल्या. गळ्यात टेप अडकवलेल्या चिमणाबाईही बघत होत्या.

आठ दिवसांनी जर्सी आल्या, तेव्हा प्रत्येकीच्या छातीवर टिटवी होती. काळ्यापांढऱ्या कापडाचे तुकडे कापून शिवलेली, चोचीला लाल दोरा, एक पाय उचललेला, मान मागे वळवून हुलकावणी द्यायच्या बेतात असलेली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी चित्र दिलं नव्हतं.

तेव्हाच्या प्राचार्यांना ते आवडलं नाही. टिटवी ओरडली की मरण येतं म्हणतात, ती छातीवर घेऊन मुली खेळणार? खंडेरावांनी चिमणाबाईंना ती काढायला सांगितलं.

“टिटवी अपशकुनी नसती, सर,” त्या म्हणाल्या होत्या. “तिला झाड नाही, घरटं नाही. भुईवर संसार मांडती, म्हणून ओरडावं लागतं. अन् कुत्र्याला कसं खेळवत नेलं, ते तुम्हीपण पाहिलं की.”

खंडेराव पुन्हा प्राचार्यांकडे गेले आणि टिटवीसाठी भांडले. साहेबांपुढे इतकं ते त्याआधी कधी बोलले नव्हते. पुण्याला शेवटची तीन मिनिटं मैना एकटी मैदानात उरली होती. तीन मिनिटं ती पळत राहिली आणि बाद झाली नाही. संघ ढाल घेऊन आला.

मग टिटवी सगळीकडे गेली. मुलांच्या संघांनी ती घेतली, वार्षिकाच्या मुखपृष्ठावर आली, कॉलेजच्या फाटकावर रंगवली गेली. पाहुणे विचारायचे, ही कुणाची कल्पना? खंडेराव सांगायचे, आमच्या संघाच्या जर्सी शिवणाऱ्या चिमणाबाई पगारे आहेत, त्यांची. काही वर्षांनी ते म्हणायला लागले, आमच्या टेलरबाईंची. नंतर नंतर ते म्हणत, आमच्या जिमखान्यातच तयार झाली. यात खोटं काही नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली झुंबर दरेकर आला. हा विंचूरचा, कॉलेजचाच जुना विद्यार्थी. वडिलांचा कांद्याचा व्यापार होता, पण याने सातपूरला होजिअरी काढली होती. वर्ल्ड कप जिंकल्यापासून पोरांना छातीवर काहीतरी छापलेले टी-शर्ट हवे होते. झुंबरने टिटवीचे टी-शर्ट, टोप्या, पिशव्या, स्टिकर काढायचं ठरवलं. टिटवी फक्त त्याच्याकडेच राहणार, संघांच्या जर्सीही तोच करणार आणि विक्रीतला हिस्सा जिमखान्याला देणार. खंडेरावांना ते मनापासून पटलं. बाहेरगावी सामने असले की मुली शाळांच्या वर्गात बाकं जोडून झोपत होत्या. त्यांना निदान धड मुक्काम मिळाला असता.

कराराच्या बैठकीत झुंबरच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला. चित्र कुणी काढलं? कॉलेजच्या नोकराने काढलं असेल तर ते आपोआप कॉलेजचं. बाहेरच्या माणसाने काढलं असेल तर त्याची वेगळी सही लागेल.

नवे प्राचार्य खंडेरावांकडे वळले.

“बोरस्ते, त्या बाईंना कसं काढायचं ते तुम्हीच सांगितलं असेल ना?”

खंडेरावांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. टिटवीसाठी साहेबांशी भांडलो तो मीच, एवढं त्यांच्या मनात येऊन गेलं. झुंबर घड्याळ बघत होता. मग कल्पना तुमचीच म्हणायची, असं प्राचार्य म्हणाले आणि कागद पुढे सरकवला. खंडेरावांनी सही केली. त्या वर्षीच्या वार्षिकात त्यांचा फोटो आला, खाली ‘टिटवीचे जनक’ असं छापलेलं. त्यांच्या पत्नीने तो अंक शेजारीपाजारी दाखवला.

चिमणाबाईंना जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तेव्हा त्या द्वारका चौकाजवळ राहत. कॉलेजपासून सायकलने वीस मिनिटं. एकदा परीक्षा आडवी आली, एकदा पाऊस, एकदा काहीच नाही. जर्सीचं काम आता कारखान्याकडे गेलं, हे त्यांना ऑफिसच्या क्लार्कने कळवलं.

नोटीस वाचून दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेराव प्राचार्यांकडे गेले. टिटवी आपली नाही, असं म्हणाले. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तुम्ही स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं आहे, आता ते खोटं म्हटलंत तर अडचणीत कोण येईल, एवढंच त्यांनी विचारलं. बाईंनी काही तक्रार केली आहे का? नाही. मग झालं तर.

तिथून ते सातपूरला गेले. बाईंना कोर्टकचेरीचा त्रास देऊ नकोस, असं झुंबरला सांगितलं. झुंबरने लगेच मान्य केलं. पत्र कुणाला गेलं हेही त्याला ठाऊक नव्हतं, वकील परस्पर पाठवत होता. फक्त टिटवी नको हां सर, असं मात्र तो हसत म्हणाला. परतताना खंडेरावांना वाटलं, आपण काहीतरी केलं. त्या वाटण्यावर त्यांनी सात-आठ महिने काढले.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत कॉलेजच्या मैदानावर शहरातल्या क्लबांचे सामने होते. खंडेराव पंच होते. एका सामन्याला चिमणाबाईंच्या वस्तीतल्या मुलींचा संघ उतरला. त्यांच्या निळ्या जर्सी धुऊन धुऊन विटल्या होत्या. छातीवर मात्र, जिथून कापड उसवून काढलं होतं, तिथे मूळचा गडद निळा रंग तसाच राहिला होता. भोवती सुईची बारीक भोकं. एक पाय उचललेला, मान मागे वळलेली. बारा मुलींच्या छातीवर उसवलेली टिटवी तशीच दिसत होती. मैदानात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. खंडेरावांनी त्या सामन्यात दोनदा चुकीची शिट्टी वाजवली.

पुढच्या रविवारी ते सायकल घेऊन निघाले. पगारे मंडळी आता इंदिरानगरला राहायला गेली होती. मैना महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली होती, तिच्या पगारावर त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. भोवती अजून निम्मी शेतंच होती. दार मैनानेच उघडलं. आई भाजी आणायला गेली आहे, येईलच, असं म्हणून तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं. वस्तीतल्या मुलींना खो-खो आता तीच शिकवत होती. थोडा वेळ दोघं सामन्यांबद्दल बोलली. मग खंडेराव म्हणाले,

“मैना, त्या पत्रात आणखी एक गोष्ट होती. ती मी तुझ्या आईला सांगितली नाही.”

“तुमचं नाव होतं.”

खंडेरावांनी तिच्याकडे पाहिलं.

“पत्र मीच आधी वाचलं होतं, सर. टपाल आलं त्याच दिवशी. आईला ओळ न् ओळ मराठीत सांगितली. मी म्हटलं, वकील बघू. ती म्हणाली, थांब, आधी सरांकडून वाचून घेते.”

खंडेरावांनी पेल्यातलं पाणी संपवलं.

“परत आली आणि मला म्हणाली, सरांनी एवढंच सांगितलं. मग उसवायला बसली.”

मैनाने हे भांडणाच्या सुरात सांगितलं नव्हतं. वर्गात एखादी तारीख सांगावी, तसं सांगितलं. खंडेरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यात पाणी नव्हतं.

तेवढ्यात चिमणाबाई आल्या. त्यांना पाहून दारातच थांबल्या, मग चपला काढून आत आल्या. बसा सर, चहा टाकते, असं म्हणून स्टोव्हकडे वळल्या. खंडेराव उभे राहिले.

“चिमणाबाई, टिटवी तुमची. मी खोटं लिहून दिलं. उद्या प्राचार्यांना तसं लेखी देतो.”

ते पत्र त्यांनी सोमवारी खरंच दिलं. त्याची पोच मिळाली. उत्तर कधीच आलं नाही. आणि टिटवीचे टी-शर्ट आणखी दोन वर्षं, पोरांचा शौक फिटेपर्यंत, विकले गेले. पण त्या रविवारी हे कुणालाच माहीत नव्हतं.

चिमणाबाईंनी स्टोव्हला हवा मारली, काडी लावली, आधण ठेवलं. पाठ खंडेरावांकडेच होती.

“तुम्ही तेव्हाच घरी येऊन सही मागितली असती ना सर, तर मी दिली असती,” त्या म्हणाल्या. “कॉलेजच्या पोरींसाठीच होतं की ते.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं खंडेरावांना वाटलं. पत्राचं तुम्हाला वाटेल तसं करा, असंही त्या म्हणाल्या आणि हात पुसून शिलाई मशीनकडे गेल्या. मशीनच्या फळीवर एक जाड कागद होता. मैना म्हणाली, क्लबाचं नवीन चिन्ह आहे. तिने तो खंडेरावांसमोर धरला. खो-खोचा खांब होता आणि त्यावरून खाली डोकं करून उतरणारी एक खार. अर्ध्या वाटेत ती थबकली होती. कुठल्या अंगाला वळणार, ते तिच्या शेपटीवरून कळत नव्हतं. खंडेराव पाहतच राहिले. इतकं चांगलं झालं आहे, हे त्यांना म्हणायचं होतं.

“आई, खाली नाव टाक. तारीख पण. अन् एका साक्षीदाराची सही घेऊन ठेवू,” मैना म्हणाली.

चिमणाबाई स्टुलावर बसल्या. पेन्सिलने, एकेक अक्षर सुटं ठेवत, त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. खाली तारीख घातली. मग कागद हातभर लांब धरून पाहिला.

खंडेरावांनी खिशातून पेन काढलं आणि त्याचं टोपण फिरवून उघडलं.

चिमणाबाई उठून दाराशी गेल्या. शेजारचा पुंजा अंगणात रिक्षा धूत होता.

“पुंजाभाऊ, जरा आत या. एक सही करायची आहे.”

पुंजा पायजम्याला हात पुसत आला. कशावर सही, हे त्याने विचारून घेतलं, खार पाहिली, हसला. मग वरचा खिसा चाचपला. खिशात काही नव्हतं.

खंडेरावांनी आपलं पेन त्याच्यापुढे केलं.