तोंडातले खिळे

दादाच्या तोंडात दिवसभर खिळे असायचे. जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवायचं म्हणजे एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्याने हातोडी मारायची, मग बारीक खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. त्यामुळे दुकानात बोलायचं खातं धाकट्या भावाकडे होतं आणि दादा नुसता "हं" म्हणायचा. गिऱ्हाइकांना वाटे, थोरला मोठा विचारी माणूस आहे. विचारी कसला, बोलला असता तर खिळा पोटात गेला असता.

पोलीस आले तेव्हा मात्र त्याचं तोंड रिकामं होतं. चहा नुकताच संपला होता. शिपाई दारातूनच म्हणाला, "दोघांनाही साहेबांनी बोलावलंय. बंगल्यातल्या बाईंची हिऱ्याची अंगठी सापडत नाही. तुम्ही त्यांचा सोफा आणलात, तेव्हापासून."

दादाला आधी हसूच आलं. वडिलांनी घालून दिलेली शिस्त या दुकानात अजून पाळली जात होती. जुना सोफा फाडला की आतून काय काय निघतं, पेनांची टोपणं, केसांच्या पिना, कानातलं, कधी दातसुद्धा. ते सगळं ज्याने फाडलं त्याने छोट्या पिशवीत घालायचं, गाठ मारायची. मग ती पिशवी त्याच सोफ्याच्या बुडाला, आतल्या बाजूने शिवून टाकायची. पोचवताना मालकाला सांगायचं, बुडाला पिशवी आहे. वस्तू हातात दिली की माणूस विचारतो, "आणखी काय होतं?" आणि त्या प्रश्नाला उत्तर नसतं, असं वडील म्हणायचे. पिशवी कोणी शिवायची हे मात्र ठरलेलं नव्हतं. ज्याचा हात मोकळा, त्याने शिवायची.

निघण्याआधी दादाने ताईला फोन केला. ताई दोघांहून मोठी, एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होती.

"ऐक," ताई म्हणाली. "नाव-पत्ता सांग. बाकी काही विचारलं की वकिलांशी बोलून मग बोलतो म्हण. आणि कशावरही सही करू नकोस. वकीलसाहेब कोर्टातून सुटले की त्यांना घेऊन येते. तोवर तोंडात खिळे आहेत असं समज."

"मी काय चोरी केलीय, गप्प बसायला?"

"केली नाहीस म्हणूनच गप्प बस. धाकट्याला दे जरा फोन."

धाकट्याने फोन कानाला लावला, दोनदा "बरं ताई" म्हणाला आणि दुकानाचं शटर ओढलं.

चौकीत दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. दादाला मिळालेल्या खुर्चीची बैठक उसवली होती. त्याची बोटं आपसूक फाटीत गेली आणि आतला फोम चाचपू लागली. समोरचा फौजदार भला दिसत होता. पाणी दिलं, पंखा दादाकडे वळवला, अहो-जाहो केलं. असल्या माणसासमोर गप्प बसणं दादाला उद्धटपणाचं वाटलं. त्याने पिशवीची सगळी हकिगत सांगून टाकली.

"सोफा टेम्पोवाल्याने बंगल्यावर पोचवलाय, पिशवीचं सांगायचं राहिलं असेल. तो उलटा करा साहेब, बुडाचं काळं कापड काढा. अंगठी सोफ्यात पडली असेल तर तिथेच असणार."

फौजदाराने बंगल्यावर माणूस पाठवला. मग फोन आला. फौजदार ऐकत होता आणि दादाकडे बघत होता.

"बुडाला पिशवी नाहीये," तो म्हणाला.

दादाच्या मनात पाल चुकचुकली. पिशवी आपण शिवली नव्हती हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणजे धाकट्याने शिवली असणार. आणि ती तिथे नाही, म्हणजे धाकट्याने शिवलीच नाही. तो सोफा फाडलाही धाकट्यानेच होता. फाडताना तो काय म्हणाला होता? "दादा, यातून काहीतरी चांगलं निघालंय." दादाच्या तोंडात तेव्हा खिळे होते. तो "हं" म्हणाला होता आणि विसरून गेला होता. आता ते वाक्य कानात वाजू लागलं.

एक संशय आला की पाठोपाठ त्याचं गणगोत येतं. धाकटा हल्ली स्कूटरवरून येत होता. कुठून आली, दादाने विचारलं नव्हतं. फोन आला की तो दुकानाबाहेर जाऊन बोलायचा. परवा बायकोसाठी साडी घेतली म्हणे. ज्या भावाला त्याने खांद्यावर बसवून फिरवलं होतं, त्याची एकेक गोष्ट दादा मनातल्या मनात उलटी करून बघत होता.

"तुमचा भाऊ पलीकडे बोलतोय बरं का," फौजदार हळूच म्हणाला. "आधी जो बोलतो, त्याला आम्हीही सांभाळून घेतो. तुम्ही संसारी माणूस. दुसऱ्याचं पाप अंगावर कशाला घेता?"

धाकटा काय बोलत असेल? आपलंच नाव घेत असेल तर? दुकान आपल्या नावावर. चोर ठरलो तर कोण गिऱ्हाईक आपल्याला घरात पाऊल टाकू देईल?

"तो म्हणाला होता, यातून काहीतरी चांगलं निघालंय," दादा बोलून गेला. "मी बघितलं नाही. त्याने बघितलं. स्कूटरही नवीन घेतलीय त्याने."

फौजदाराने लिहून घेतलं आणि कागद पुढे सरकवला. दादा ताठ बसला. "सही मी करणार नाही. वकील येऊ देत." ताईचा अर्धा सल्ला त्याने अगदी काटेकोर पाळला.

ताई वकिलांना घेऊन आली तोवर संध्याकाळ झाली होती. दादाला सोडलं. धाकट्याला ठेवून घेतलं. घरी आल्यावर ताईने आधी काय बोललास ते विचारलं. दादा म्हणाला, "सही नाही केली." ताईला तेवढ्यावरून कळलं.

"सोफा फाडला त्या दिवशी दुकानात आणखी काय काय होतं?" तिने विचारलं.

"दातांच्या डॉक्टरांची खुर्ची होती. बूड वर करून ठेवलेली. तिचं काम मीच…"

बोलता बोलता दादा थांबला. त्या दिवशी चहा आला तेव्हा बसायला जागा नव्हती. बंगल्याच्या सोफ्याच्या सांगाड्यावर एक पिशवी पडली होती. त्याने ती उचलून शेजारच्या उलट्या खुर्चीत टाकली होती आणि सांगाड्याच्या कडेवर टेकून चहा प्याला होता. मग तोंडात खिळे भरून खुर्ची पुढ्यात ओढली, तर आत पिशवी. आपणच टाकली हे विसरून, धाकट्याने ठेवली असेल असं समजून त्याने ती स्वतःच्या हाताने शिवून टाकली होती. विचारायचं म्हटलं तर तोंडात खिळे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातांच्या दवाखान्यात, फौजदार आणि वकिलांच्या समोर, खुर्ची उलटी केली. दादाने काळं कापड उसवलं. पिशवीत दोन पिना, एक बटण आणि हिऱ्याची अंगठी होती. पिशवी ज्या टाक्यांनी शिवली होती ते दादाचेच होते. असा दुहेरी टाका दुकानात दुसरं कोणी घालत नाही.

धाकट्याला दुपारी सोडलं. जाता जाता फौजदार दादाला म्हणाला, "भाऊ तुमचा पक्का हो. नाव-पत्ता सांगितला आणि वकिलांशी बोलून मग बोलतो म्हणाला. शेवटपर्यंत तेवढंच."

दोघे दुकानात आले. अर्धवट राहिलेला एक कोच होता. दादाने घाईघाईने मूठभर खिळे तोंडात टाकले आणि कापड ताणायला घेतलं. धाकटा दुसरं टोक धरून उभा राहिला. जरा वेळाने तो म्हणाला, "स्कूटर मेव्हण्याची आहे. त्याचा पाय मोडलाय, म्हणून माझ्याकडे ठेवलीय."

"हं."

"दादा, तिथे मला म्हणाले, तुझ्या भावाने सगळं सांगितलंय. असं ते सगळ्यांनाच सांगतात ना?"

दादाची हातोडी हवेत थांबली. खिळे थुंकून टाकावेत आणि खरं सांगावं, असं त्याला वाटलं. मनापासून वाटलं. पण सुटकेची वाट आयती समोर आली होती.

"हं," तो म्हणाला.

धाकट्याने मान हलवली. कापडाचं टोक त्याने सोडलं नाही.

"पोलिसांनी मला विचारलं, 'यातून काहीतरी चांगलं निघालंय' असं तू म्हणालास ना? हे वाक्य मी फक्त तुला सांगितलं होतं."

त्याने कापड पुन्हा ताणून धरलं. संध्याकाळपर्यंत कोच पुरा झाला. बुडाचं कापड धाकट्यानेच ठोकलं. दादाने खिळ्यांचा डबा बंद केला, तोंड धुतलं. धाकटा रोजच्यासारखा घरी निघाला, पण दारापाशी थांबला, मागे आला आणि टेबलापाशी उभं राहून त्याने शर्टाचा खिसा उलटा केला. मग पँटचे दोन्ही. रुमाल, किल्ली, बसचं चुरगळलेलं तिकीट.

"बघून घे," तो म्हणाला. रागाने नाही. दुकानाची एखादी नवी शिस्त असावी तसं.

दादाच्या तोंडात आता एकही खिळा नव्हता. तरी त्याच्याने बोलवलं नाही.