डेकच्या जोडातल्या दोन सळया

मित्रांनो, मी एक जुने मालवाहू जहाज आहे. खरे सांगायचे तर अर्धेच. माझा पुढचा भाग उत्तरेच्या समुद्रात तळाला गेला. मागचा हा, बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला उभा केला आहे.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या, म्हणून कॅलिफोर्नियाच्या गोदीत आम्हांला पापड लाटावेत तसे भराभर बनवत. पत्रे जखडणारे रिव्हेट ठोकायला वेळ नव्हता. पत्र्याला पत्रा वेल्डिंगने जोडायचा, म्हणजे मधली फट सळई वितळवून भरायची. शेजारच्या गोदीने सतरा दिवसांत जहाज पाण्यात सोडले आणि आमच्या मुकादमाला, हॅस्केलला, पंधरा दिवसांचे वेड लागले.

माझ्या डेकचा जोड व्हर्नाकडे होता. तिचा हात सावकाश चाले, पण काम पक्के. हॅस्केल तिच्या डोक्यावर येऊन उभा राहिला.

"नक्षी काढत बसलीस का, व्हर्ना? फटीत सळया ठेव, वरून थर मार अन् हो पुढे."

"आत पोकळ राहील की."

"सगळेच करतात, बाई. एक खेप झाली तरी मिळवली."

तिने वेल्डिंगच्या दोन अख्ख्या सळया फटीत ठेवल्या आणि वरून थर दिला. बघणाऱ्याला काही कळले नसते. मला मात्र ते दातात अडकल्यासारखे सलत राहिले.

चौदाव्या दिवशी मी पाण्यात उतरले. बँड वाजला, गर्दी जमली, वर्तमानपत्रात फोटो आला. त्याच गर्दीत व्हर्नाचा धाकटा भाऊ एमेट हसत आला. त्याची खलाशी म्हणून नेमणूक माझ्यावरच झाली होती. व्हर्नाचा चेहरा पांढराफटक पडला. जोड पुन्हा उघडू द्या म्हणून तिने हॅस्केलच्या विनवण्या केल्या. आता रंगही वाळला, असे म्हणून त्याने तिला झटकले. भावाला खरे सांगायची तिला लाज वाटली.

"थंडीत पुढे उभा राहू नकोस रे," एवढेच ती म्हणाली.

"मग नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला, पहारा कोण देणार, ताई? तुझा मुकादम?"

दोन खेपा मी नीट केल्या. तिसऱ्या खेपेला बर्फाळ पाण्यात माझे पोलाद ठिसूळ झाले, तोफ डागावी तसा आवाज झाला आणि मी त्याच जोडापाशी दुभंगले. एमेट नाळेवर होता. नाळ त्याला घेऊन गेली. मी काही करू शकले नाही, मित्रांनो.

मला ओढत परत आणले तेव्हा व्हर्ना आली. तुटल्या कडेवरून तिने हात फिरवला. तिथे माझ्या बाजूला एक सळई चिकटून राहिली होती.

मित्रांनो, घाईत काम उरकावे लागले तर उरका, पण आत पोकळ ठेवू नका. आणि राहिलेच, तर त्यावर पाऊल ठेवणाऱ्याला वेळेत सांगा.

व्हर्ना अजून अधूनमधून येते. ती सळई तिने उपटलेली नाही. जशी ठेवली होती तशीच आहे, जराही वितळलेली नाही.