आडवी दाढ

"दहा हजार वर्षं तरी जुना असणार!" साहेबांनी मातीने माखलेला खालचा जबडा टेबलावर ठेवला. "बंद गिरणीच्या मागे पाया खणताना निघाला. दातोबा, संध्याकाळपर्यंत चिठ्ठी लिहून हवी."

दातोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. संग्रहालयात सव्वीस वर्षं जबडे घासून घासून ते त्याला चिकटलं होतं. शिकारीवर जगणाऱ्या माणसांचे जबडे त्याला तोंडपाठ होते. चांगले ऐसपैस, दात चावून चावून सपाट झालेले, अक्कलदाढा शेवटी ऐटीत उभ्या. पुढे माणूस शिजवलेलं, मऊ खायला लागला. जबडा पिढ्यान्‌पिढ्या आखडत गेला, दात मात्र बत्तीसचे बत्तीस. "घर लहान झालं, पाहुणे तेवढेच!" असं तो बघायला येणाऱ्यांना सांगे आणि आधी स्वतःच हसे.

ब्रशने माती निघू लागली तसं त्याचं हसू मावळलं. दात जराही झिजलेले नव्हते. पुढचे दोन एकमेकांवर चढलेले. डावीकडची अक्कलदाढ जागा न मिळाल्याने अर्धी हाडात रुतून आडवी पडलेली. दहा हजार वर्षं कसली, हे कालपरवाचं माणूस होतं. आणि असे चढलेले दात त्याने एकाच माणसाच्या तोंडात पाहिले होते, दादाच्या.

त्याचा मोठा भाऊ त्याच गिरणीत कामाला होता. तीस वर्षांपूर्वी मुकादमाशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी 'पळाला तुमचा पोरगा' असं सांगायला मुकादमच घरी आला होता. तो अजूनही वाटेत भेटला की आईला विचारतो, "काही पत्रबित्र आलं का?"

चिठ्ठीवर 'प्राचीन' लिहिलं की झालं. जबडा कपाटात गेला असता आणि आईचं वाट बघणं तसंच राहिलं असतं. कोण विचारणार होतं? चिठ्ठी कोरी ठेवून तो जेवणाच्या सुट्टीत घरी गेला.

"आई, दादा गेला तेव्हा त्याची दाढ दुखत होती का गं?"

"दुखत होती म्हणजे! गाल हा एवढा सुजलेला. घास जात नव्हता तोंडात."

"कुठली बाजू?"

आईने स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं. मग तिची नजर त्याच्या नखांतल्या मातीवर गेली. मुलगा काय काम करतो ते तिला ठाऊक होतं.

"कुठे सापडला?"

"गिरणीमागे." त्याला रडू आवरेना.



"न सांगता जाणारा नव्हताच तो," ती म्हणाली, आणि भिंतीला धरत उठून चपला शोधू लागली.