डावीकडचा निळा पट्टा

"रंगच आहे ना काकू? रंगानं कुणी मरत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी मीटिंग आवरली.

पन्नाशीला टेकलेली प्रोग्रॅमर ऑफिसात एकच, म्हणून सगळे त्यांना काकू म्हणत. हॉस्पिटलच्या नर्सेससाठी नवं सॉफ्टवेअर झालं होतं. पडद्याच्या डावीकडे वॉर्डांची नावं, उघडलेल्या वॉर्डाच्या नावावर निळा पट्टा, समोर खाटेचा नंबर आणि औषध. पान पुन्हा लोड होत नसे, नुसता मजकूर बदले. आणि मागे जायचं बटण दाबलं की पट्टा कधीकधी आधीच्याच नावावर चिकटून राही. पट्टा मुलांच्या वॉर्डावर, समोर यादी मोठ्यांची. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. साहेबांनी ती पुढच्या महिन्यावर ढकलून सॉफ्टवेअर तसंच हॉस्पिटलात सुरू केलं आणि काकूही गप्प बसल्या.

पण तेव्हापासून भाजी चिरतानाही तो पट्टा डोळ्यांपुढे यायचा. फोन वाजला की त्या आधी हॉस्पिटलचा नंबर आहे का ते बघायच्या.

दहाव्या दिवशी फोन आलाच. मुलांच्या वॉर्डातल्या सात नंबरच्या मुलीला मोठ्यांच्या सात नंबरचा डोस दिला गेला होता. मुलगी बेशुद्ध होती. बावीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सला घरी बसवलं होतं. साहेबांनी दार लावून सांगितलं, की चूक नर्सची ठरतेय, आपण मध्ये तोंड घालायचं नाही. पट्टा तेवढा आज गुपचूप दुरुस्त करायचा.

काकूंनी तो दुरुस्त केला. मग चुकीच्या पडद्याचा फोटो आणि पट्ट्याबद्दल साहेबांना तेव्हाच पाठवलेली मेल छापून घेतली, खाली 'मला माहीत होतं' असं लिहून सही केली आणि कागद हॉस्पिटलच्या चौकशी समितीपुढे ठेवले. संध्याकाळी त्यांना टेबल रिकामं करायला सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी काकू त्या नर्सच्या घरी गेल्या. नर्सनं बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी वॉर्डाचं नाव बघितलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं, बघितलंच नाही."

"बघितलं होतंत."

"मुलगी?"

"अजून डोळे उघडले नाहीत."

नर्स उठली. दोरीवरचा पांढरा गणवेश काढून तिनं मांडीवर घेतला आणि एकेक बटण लावत नीट घडी घातली.