हाताला उशिरा कळतं

रबर जरा जोरात घासलं गेलं आणि पान फाटलं.

दातांच्या दवाखान्यात एक बाई फोनवर कोणाला तरी वाचून दाखवत होती, मग मध्येच थांबली आणि डोळे पुसले.

बायकोच्या पर्समध्ये चष्मे पुसायचं फडकं, दुकानाच्या किल्ल्या आणि कोपरा दुमडलेलं एक पुस्तक.

‘माणूस गेलेलं हाताला सगळ्यात उशिरा कळतं.’

दवाखान्यातल्या बाईने वाचलेलं, लेखकाने शेजारी बसून ऐकलेलं वाक्य हेच. पुस्तक मित्राने लिहिलेलं, आणि रबर लेखकाच्या हातात. बायकोने त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. ती पुसून काय मिळणार होतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याची स्वतःची पाच पुस्तकं कपाटात उभी होती. त्यातलं प्रत्येक पान त्याने आधी बायकोला वाचून दाखवलेलं. ती इस्त्री करता करता ऐकायची आणि म्हणायची, “चांगलं आहे.” आज दुपारी ती दुकानात असताना त्याने पाचही पुस्तकं चाळली. एकाही पानाचा कोपरा दुमडलेला नव्हता.

संध्याकाळी मित्र आला. अंगाने बारीक, म्हणून सगळे त्याला काडी म्हणत.

“वहिनी, डॉक्टरांनी चहातली साखर बंद केलीय. तुम्ही मात्र त्यांचं ऐकू नका.”

“मी कोणाचं ऐकते?” म्हणत बायको हसली. अगदी मोकळं, खांदे हलवून. लेखक तिच्याकडे बघत राहिला. इतकी पानं वाचून दाखवली, पण हे हसू कधी त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

लोक बोलतात तो नुसता कच्चा माल, असं लेखक भाषणांतून सांगत असे. भाषा घडते ती टेबलावर, एकांतात. काडीकडे धड टेबलसुद्धा नव्हतं. तो चार घरी चहा पीत हिंडायचा, आणि तरी पुस्तक मात्र सगळ्यांच्या हातात त्याचं.

“ते हाताचं वाक्य,” लेखक म्हणाला. आवाज सहज ठेवायला गेला तो जास्तच बारीक निघाला. “कुठे सुचलं रे तुला?”

“मला कुठलं सुचतंय! वहिनींचं आहे ते. छापायच्या आधी विचारलं होतं त्यांना.”

“कधी?”

“चष्मा करायला गेलो होतो ना दुकानात, तेव्हा. म्हणाल्या, घ्या, पडूनच आहे.”

लेखकाने कप खाली ठेवला. टेबलावर चहा सांडला. काडीने वाक्याऐवजी दुसरं काही नेलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

“एवढं वाक्य घरात होतं,” तो बायकोला म्हणाला, “आणि तू ते याला देऊन टाकलंस? मला सांगायचंस की.”

“तुम्हालाच सांगितलं होतं.”

“मला?”

“तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

काडीला एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघण्यासारखं दिसलं.

बायकोने टेबलावरचं पुस्तक उचललं. ते उघडलं ते नेमकं त्याच पानावर. तिने फाटलेला तुकडा तळहाताने जागेवर बसवला, पुस्तक मिटलं आणि पर्समध्ये ठेवलं. मग फडकं आणून सांडलेला चहा पुसला.

“दुसरी प्रत आणून देतो,” लेखक म्हणाला.

“असू दे. मला पाठ आहे.”

सासरे गेले त्या आठवड्यात तिने सवयीने त्यांचाही कप भरला होता आणि हाताकडे बघत ते वाक्य म्हणाली होती. तो जास्तीचा कप काडीने पिऊन टाकला, आणि लेखक तिथेच, टेबलाशी, वडिलांवरचा लेख लिहीत बसला होता.