नाहीतरी पळतेच आहेस

"अगं श्यूछिन, नाहीतरी पळतेच आहेस, एवढी पिशवी घेऊन जा!"

त्साय काकूंनी दारातूनच हात पुढे केला आणि श्यूछिनने पिशवी घेतलीसुद्धा. तिच्या हातांत आधीच चार होत्या, तीन शेजाऱ्यांच्या. कचऱ्याची गाडी आपली धून वाजवत कोपऱ्यावरून वळत होती. तैवानमधल्या ताइनान शहराची ही गाडी कोणासाठी थांबत नाही. धून ऐकू आली की पिशवी घेऊन धावायचं, चुकली तर कचऱ्याशी संसार करायचा.

श्यूछिनची ती रोज चुकायची. पाणीपुरवठा खात्यात दिवसभर फोनवर लोकांची बोलणी खाऊन ती घरी पोचेपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत गेलेली असे. मग ही त्या गल्लीत, तिथून त्याच्या पुढच्या. तिने नाव दिलेल्या मॅरेथॉनचा सराव तो हाच. वेगळा वेळ आणायचा कुठून? नवरा गुओदोंग दिवसा स्कूटर दुरुस्त करी आणि संध्याकाळी चहाचं चिमुकलं भांडं घेऊन बसे. बसला की बसला.

"बेचाळीस किलोमीटर?" तो म्हणाला होता. "तुला बाजारात जायलाही माझी स्कूटर लागते!"

"तू एकदा कचरा टाकायला खाली उतर, मग बोल."

"चहा गार होतो गं."

धावायचं होतं ते वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरासाठी. श्यूछिनने शर्यत पुरी केली तर गल्लीतून घरटी एक पोतं तांदूळ. मध्येच दमून शर्यतीच्या बसमध्ये बसली तर एक दाणाही नाही. ही अट त्साय काकूंची, आणि आपलं पोतं वाचणार याबद्दल त्या निर्धास्त होत्या.

त्या आश्रमात श्यूछिनची आई शेवटची दोन वर्षं जेवली. त्याआधी ती एकटी राहायची. श्यूछिन ऑफिसातून धापा टाकत जायची आणि दाराशी बांधून ठेवलेली कचऱ्याची पिशवी उचलायची. "बस जरा," आई म्हणायची. "गाडी जाईल गं!" म्हणत ही जिन्यात. ती कधी बसलीच नाही. आई गेली आणि ते तिच्या मनात सलत राहिलं.

शनिवारी शर्यत सुरू झाली आणि श्यूछिनची पंचाईत झाली. हात रिकामे होते. मोकळ्या हातांचं करायचं काय, तेच तिला कळेना. निम्म्या वाटेत बहुतेक सगळे पुढे निघून गेले. दमलेल्यांना उचलणारी बस हळूहळू मागे येऊन ठेपली.

"या ताई," ड्रायव्हर लाडीगोडीने म्हणाला, "आत गार हवा आहे."

"नको."

"गरम बाओसुद्धा आहेत, सारण भरलेले."

तिच्या तोंडाला पाणी सुटलं. पण त्साय काकूंचा चेहरा आठवला आणि ती रेटत राहिली. शेवटचे तीन किलोमीटर उरले तेव्हा मात्र पाय उचलेनात. आता बसमध्ये चढायचं, असं तिने ठरवलंच होतं.

तेवढ्यात शेजारच्या रस्त्यावरून ती धून आली.

फुटपाथवर एक म्हातारी काठी टेकून, पिशवी धरून उभी होती. "मेल्यांनी रस्ता अडवलाय! पोरी, नाहीतरी पळतेच आहेस, एवढी टाक गं गाडीत."

श्यूछिनचा हात आपोआप पुढे झाला. पिशवी हातात आली आणि पाय पळत सुटले. दर चौकात बाजूच्या रस्त्यावरची पिवळी गाडी दिसे आणि हुलकावणी देई. बस मागे पडली, दोन तरुण मागे पडले. शेवटी गाडी कालव्याकडे वळून दिसेनाशी झाली, आणि समोर शर्यत संपल्याची कमान होती. पिशवीसकट श्यूछिन कमानीखालून गेली.

"पिशवी इकडे द्या," गळ्यात पदक घालणारी मुलगी म्हणाली.

"छे! आजींनी विश्वासाने दिलीय. ती गाडीतच जाईल."

संध्याकाळी गल्लीत पोती रचली गेली. सगळ्यांत आधी त्साय काकूंचं आलं. "मला खात्रीच होती," असंही त्या म्हणाल्या.

आणि धून वाजली. श्यूछिन उठायला गेली, पण गुडघ्यांनी साफ नकार दिला. गुओदोंगने भरलेला पेला खाली ठेवला. घरची पिशवी घेतली, म्हातारीचीही घेतली.

"तू बस जरा," तो म्हणाला आणि सपाता फटफटवत जिना उतरला.

गाडी अर्थातच निघून चालली होती. खालून त्साय काकूंचा आवाज आला, "अरे गुओदोंग, नाहीतरी पळतोच आहेस..."

वर खुर्चीत श्यूछिन हसत होती आणि रडतही होती. उठली मात्र नाही.